दोर सोडल्यावर घोडी थांबावी म्हणून

चांदणी टेम्पोतून उतरली तेव्हा तिच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत बोटाच्या पेराएवढे पांढरे वण होते. काटेरी लगामाचे वण. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांनी या लगामाला बंदी आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून सापडतो. घोडी बारा वर्षांची. किती लगीनसराया तिनं बँडच्या आवाजात काढल्या असतील ते तिलाच माहीत. मोहरकी, म्हणजे तोंडावर चढवायचा दोराचा फास, घेऊन कुणी जवळ गेलं की मान छपराकडे जायची, डोळ्याचं पांढरं दिसायचं आणि मागचा एक पाय हलका व्हायचा. पहिल्या तीन दिवसांत तिनं आमच्या नानांवर दोनदा दुगाण्या झाडल्या. नाना चाळीस वर्षं जनावरांत वावरलेत, म्हणून वाचले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना म्हणाले, "ताई, हिला दोर दाखवूच नका. दोर दिसला की हिला मागचं समदं आठवतंय."

मी सोळा वर्षं घोडी पाळते. आमचं शेत फलटण तालुक्यात, तरडगावच्या अलीकडे. तोवर मीही मोहरकी, लांब दोर, मग लगाम याच क्रमानं शिकवत आले होते. चांदणीमुळे क्रम उलटा करावा लागला. घोडी आधी मोकळी, दोर सगळ्यात शेवटी. बाहेर याला लिबर्टी म्हणतात, आम्ही घरात 'मोकळं काम' म्हणतो. ते कसं करायचं ते इथं लिहिते आहे. ज्यांच्याकडे मार खाल्लेलं, बुजलेलं घोडं आलं आहे त्यांच्यासाठी तर खासच.

मोकळं घोडं माणसाबरोबर राहतं ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात तेव्हा त्यांची भीमथडी तट्टं बघा. पाठीवर सगळं बिऱ्हाड, वर डालग्यात कोंबड्या, कधी मेंढीचं नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि बहुतेक तट्टांच्या तोंडाला काही नाही. मेंढरांच्या बाजूनं आपापली चालत असतात. एका वर्षी आमच्या रानात वाडा बसला होता. त्यातल्या म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, ही पळून कशी जात नाहीत? ते म्हणाले, "पोरी, पळून जातील कुठं? त्यांचं घर चालतंय न्हवं हितं." मग तट्टांकडे बोट करून, "ती म्होरली घोडी कुठं थांबती त्येवढं बघ. बाकीची आपसूक थांबत्यात." माझी मैना त्याच वाड्यातली, चार वर्षांची असताना घेतलेली. चांदणीला सावरण्यात माझ्याइतकाच मैनेचा वाटा आहे.

आणि आमच्या दारावरून वारी जाते. चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी, तो माउलींचा. रिकाम्या पाठीचा तो घोडा वारकऱ्यांच्या मधून धावतो, आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. मी लहानपणापासून ते बघते. पण तो घोडा पुढच्या घोड्याकडे बघून धावतो, हे माझ्या लक्षात यायला चांदणी यावी लागली. घोड्याला मोकळं सोडलं की त्याला कुणाच्या तरी सोबत असायचं असतं. मोकळं काम म्हणजे ती सोबत आपण व्हायचं.

आधी दुखणं बघा

शिकवायला लागण्याआधी डॉक्टर बोलवा. दात, तोंड, पाठ, खूर. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर येत राहतात, त्यांच्या कडांना धार येते आणि गाल आतून कापले जातात. अशा घोडीनं मान झटकली तर तो हट्ट नसतो. चांदणीच्या पाठीवर खोगीराच्या जागी दोन्हीकडे दाबलं की कातडी थरथरायची. तिचं तोंड बघायला गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागलं, आणि ते देईपर्यंत तिला तीन माणसांनी धरून ठेवलं होतं. त्याच गुंगीत आम्ही टेम्पोवाल्यानं घातलेली मोहरकीही काढून टाकली. पुढे किती तरी महिने तिच्या तोंडावर काही चढलं नाही.

पोटाचंही तसंच. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास तयार होत असतं, खाणं असो वा नसो. म्हणून घोड्याला उपाशी ठेवून, भुकेच्या जोरावर शिकवू नका. मी कामाआधी मारवेल नाहीतर कडबा टाकते आणि काम चालू असतानाही रिंगणाच्या एका कडेला गवताचा ढीग असतोच. घोडी माझ्याजवळून उठून गवताकडे जाऊ शकते. जाते आणि परत येते, हाच तर धडा आहे.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत पाच गोष्टी. पायात बंद बूट, डोक्याला हेल्मेट, घोडीवर बसणार नसलात तरी. दोर हातात धरायची वेळ आली तर तो हाताला कधीही गुंडाळू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घ्या, तबेल्यातल्या मातीत त्याचे जंतू असतात. आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी मोठं माणूस असू द्या.

जागा

माझं रिंगण साठ फूट व्यासाचं, बांबूचं, साडेपाच फूट उंच आहे. खाली मुरूम आणि त्यावर वाळूचा थर. पावसाळ्यात ते चिकट होतं, तेव्हा मी काम बंद ठेवते. घसरून पडलेली घोडी जमिनीवरचा विश्वास आधी गमावते आणि मग माणसावरचा.

रिंगण नसेल तर कुंपण घातलेलं शेत चालतं, उलट पुष्कळदा जास्त चांगलं. कारण गोल रिंगणात एक मोह असतो. घोडीला कोपरा नाही, ती थांबू शकत नाही, म्हणून तिला हाकत राहायचं. दहा-वीस फेऱ्यांनी ती दमते, मान खाली घालते आणि माणसाकडे येते. बघणारे टाळ्या वाजवतात. मी हे करून बघितलेलं आहे आणि आता करत नाही. ती घोडी आपल्याकडे येते कारण पळण्यात आता त्रास आहे. दुसऱ्या दिवशी तिला दारातून रिंगणात आणताना तिचे पाय किती जड होतात ते बघा, म्हणजे कळेल.

दुसरं घोडं नजरेच्या टप्प्यात ठेवा. चांदणीबरोबर काम करताना मैना कुंपणापलीकडे चरत असते. एकटं पडलेलं घोडं शिकत नाही, ते फक्त सोबती कुठे आहे ते शोधत असतं.

पहिले आठ-दहा दिवस: नुसतं बसणं

एक घमेलं पालथं घाला आणि रिंगणाच्या मध्याच्या जरा बाजूला बसा. घोडीकडे पाठ नको आणि तोंडही नको, कुशीनं बसा. मी भाजी निवडायला घेऊन जायचे. गवारीच्या शेंगा मोडण्याचा आवाज एकसारखा असतो, त्याची तिला सवय झाली.

तिच्याकडे टक लावून बघू नका. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, साधारण ३५० अंशांत त्याला दिसतं. कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या अगदी मागे तेवढं दिसत नाही. तुम्ही तिच्याकडे बघत नसलात तरी ती तुम्हाला बघतेच आहे. म्हणूनच समोरून थेट कपाळाकडे हात नेला की घोडं मान वर करतं. त्याला तो हात शेवटच्या क्षणी दिसेनासा झालेला असतो.

पहिले चार दिवस चांदणी कुंपणाला चिकटून उभी. पाचव्या दिवशी गवताच्या ढिगापर्यंत आली, माझ्यापासून बारा-तेरा पावलांवर. सातव्या दिवशी मला मानेवर गरम हवा लागली. ती मागून येऊन माझ्या केसांचा वास घेत होती. मी हात उचलला नाही, शेंगा मोडत राहिले. ती तिथंच दोन-तीन मिनिटं उभी राहिली. मग मी सावकाश उठले आणि तिच्या आधी निघून आले.

तिच्या आधी निघून येणं महत्त्वाचं आहे. ज्या माणसानं जवळ आल्याबरोबर पकडायचं सोडून वाट मोकळी केली, त्या माणसाबद्दल घोड्याला कुतूहल वाटतं.

ती स्वतःहून जवळ येऊ लागली की हाताची मूठ करून मागची बाजू पुढे धरा, तिच्या नाकाच्या खाली आणि वीतभर अंतरावर. उरलेली वीत तिनं चालायची. तिनं नाक लावलं की हात तुम्ही काढून घ्या.

खाजवणं

बैलाला जिथं वशिंड असतं, घोड्याला साधारण तिथं आयाळ संपते आणि हाडाचा उंचवटा लागतो. दोन घोडी एकमेकांना दातांनी खाजवतात ती मुख्यतः तिथंच. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर केलेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या जागी खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी झाल्याचं आढळलं. स्वस्थ उभ्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून मी मोजते.

पण आकड्यापेक्षा ओठ बघा. योग्य जागा सापडली की वरचा ओठ लांब होतो, थरथरतो, मान तिरकी होते, डोळे अर्धे मिटतात. चांदणीची जागा उंचवट्याच्या डाव्या बाजूला चार बोटं खाली आहे. थापटू नका. पाठीवर थाप मारणं माणसाला शाबासकी वाटतं, घोड्याला तो नुसता धक्का असतो. आणि तीनपर्यंत मोजून खाजवा, मग हात काढून थांबा. ती पुढे झुकली, हाताला अंग लावलं, तर पुन्हा. ती लांब झाली तर तिचं बास झालं. तिच्या 'नाही'ला पहिल्यापासून मान दिलात तर तिला ते ओरडून, म्हणजे लाथेनं, सांगायची वेळ येत नाही.

तिचं हळू आवाजातलं 'नाही' ओळखायला शिका. कान मागे पडणं सगळ्यांना दिसतं, पण त्याच्या आधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. डोळ्याच्या वर सुरकुती येते. नाकपुडी कडक होते, हनुवटीचा गोळा होतो. चघळणं थांबतं. माशी नसताना शेपटी झटकली जाते. कान मात्र नीट बघा. दोन्ही कान वेगवेगळे फिरतात आणि ज्या बाजूला कान, त्या बाजूला ध्यान. रिंगणात चालणाऱ्या घोडीचा आतला कान माझ्याकडे वळला की तिनं मला मनावर घेतलं असं मी समजते. काहीतरी ताणाचं होऊन गेल्यावर ती ओठ चाटते, रिकामं तोंड चघळते. पुष्कळ लोक याला 'आता ती मानली' म्हणतात. मी एवढंच म्हणते, की ताण उतरतो आहे. म्हणजे आधी ताण होता, आणि तो मी दिला असेल तर पुढच्या वेळी कमी द्यायला हवा.

पहिला धडा: हाताला नाक

मी जीभ टाळूला लावून 'टक्' असा आवाज काढते. त्याचा अर्थ: बरोबर केलंस, खाऊ येतोय. 'शाब्बास' चालत नाही. तो शब्द लांब आहे आणि आपण तो दिवसभर कुणाला ना कुणाला म्हणत असतो.

मूठ पुढे धरा. तिनं नाक लावलं त्याच क्षणी 'टक्', मग खाऊ. खाऊ म्हणजे भिजवलेले हरभरे, दहा-बारा दाणे. गाजर देणार असाल तर उभे लांब तुकडे करा, गोल चकत्या घशात अडकू शकतात. गूळ मी देत नाही. त्यानं घोडी हात चाटत बसते आणि खिसे तपासते.

खाऊ कुठं देता हे काय देता याच्याइतकंच महत्त्वाचं. हात पूर्ण लांब करून, तिची मान सरळ राहील अशा जागी द्या. तुमच्या पोटाजवळ दिलात तर आठ दिवसांत तीनशे-साडेतीनशे किलोचं जनावर तुमच्या पोटात डोकं खुपसायला लागेल. म्हणून नाक लावण्याच्या पाठोपाठ मी 'माग' शिकवते. तिच्या छातीकडे बघायचं, एक श्वास भरून उंच व्हायचं, दोन बोटं छातीच्या दिशेनं हलवायची. तिनं वजन मागे नेलं, पाऊलही टाकलं नाही, तरी 'टक्'. मोकळ्या घोडीला 'माग' येत नसेल तर पुढचं काही शिकवू नका. तुमच्या अंगाभोवती दोन हातांची जागा तिनं न सांगता सोडायला हवी. त्यातच दोघांची सुरक्षितता आहे.

बरोबर चालणं

तिच्या खांद्याशी उभं राहा, तिच्याच दिशेला तोंड करून. पुढे बघा, श्वास घ्या, चाला. ती आली तर तीन पावलांवर थांबा. थांबताना श्वास सोडा आणि गुडघे सैल करा. ती थांबली, 'टक्', खाऊ. नाही थांबली, पुढे गेली, तर जाऊ द्या. तुम्ही तिथंच उभं राहा. पाठलाग करायचा नाही, हाक एकदाच.

तीन पावलांची पाच व्हायला आम्हाला आठवडा लागला. पाचाची पन्नास एका सकाळी झाली.

डाव्या बाजूनं जमलं म्हणून उजव्या बाजूनं जमेल असं धरू नका. आपल्याकडे सगळं डावीकडून करायची पद्धत, त्यामुळे उजव्या डोळ्याला माणूस जवळ असण्याची सवयच नसते. मी उजवीकडे गेले तेव्हा चांदणी अशी दचकली जणू मी आत्ताच आले. तिकडे पुन्हा नाक लावण्यापासून सुरुवात केली. प्रत्येक धडा दोन्ही बाजूंनी, हा नियम पाळा.

दाब आणि तो सोडणं

आता वेताची काठी. चार फूट, टोकाला सुती फडकं. ती मारायची नसते, ती माझा लांब झालेला हात आहे. आधी काठी जमिनीवर टाकून तिला हुंगू द्या. मग त्याच काठीनं तिला आवडत्या जागी खाजवा. काठी वर गेली की घोडी दचकते, तोवर पुढे जाऊ नका.

मोकळ्या घोडीला चालवायचं ते जागेनं. तिच्या खांद्यावरून एक उभी रेघ आहे असं समजा. तुम्ही रेघेच्या मागे, म्हणजे कमरेच्या बाजूला असलात तर ती पुढे जाते. रेघेच्या पुढे आलात तर ती मंदावते, थांबते किंवा वळते. तुमची नाभी तिच्या ज्या भागाकडे रोखलेली, तिथं दाब. फेरी मारायला पाठवायचं तर एका हातानं दिशा दाखवा, दुसऱ्या हातातली काठी तिच्या कमरेच्या रोखानं जरा उचला. तिनं एक पाऊल टाकलं की काठी खाली. एक पाऊल. दुसऱ्याची वाट बघू नका. परत बोलवायचं तर दोन पावलं मागे सरा, अंग वळवून पोट दुसरीकडे करा, खांदे पाडा. तिनं आत तोंड वळवलं की 'टक्'.

घोडं दाबानं शिकत नाही. दाब सुटतो तेव्हा शिकतं. सुटताना ती जे करत होती ते तिला बरोबर वाटतं. काठी योग्य क्षणी खाली आली नाही तर काय होतं ते माझ्या हातून घडलंय, आणि ते मी सांगायलाच हवं.

चौथ्या महिन्यात, थंडीत, सकाळचा वारा होता. पुण्याहून दोन ओळखीचे बघायला आले होते. चांदणी दुडक्या चालीत फेऱ्या मारत होती, छान मारत होती. मला ती चौखूर पळताना दाखवायची होती. मी काठी उचलली. तिचा आतला कान माझ्याकडे वळला. तिथं काठी खाली यायला हवी होती. मी आणली नाही. पुढच्या अर्ध्या फेरीत तिनं पुन्हा कान वळवला, मान जराशी आत आणली, म्हणजे विचारलं, येऊ का? मी काठी आणखी वर केली. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. ती सरळ कुंपणात घुसली. दोन बांबू मोडले, छातीवर वीतभर जखम, सात टाके.

जखम तीन आठवड्यांत भरली. पण मी काठी घेऊन रिंगणात गेले की ती दूरच्या कडेला जाऊन शेपूट माझ्याकडे करून उभी राहायची, ते एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी आली. त्या एकोणीस दिवसांत मी जे केलं ते असं: काठी रिंगणाच्या मध्यात जमिनीवर टाकली, काठीजवळ गवत ठेवलं, आणि मी बाहेर बसले. मग रिंगणाच्या आत, काठीपासून लांब. मग काठीच्या जवळ. पुन्हा गवारीच्या शेंगा. विश्वास मोडला तर जिथं मोडला तिथून नाही, सुरुवातीपासून जायचं, फक्त या वेळी वाट ओळखीची असते. आता कान वळला की माझी काठी आपोआप खाली येते. आणि कुणी बघायला आलं तर आम्ही त्यांना खाजवून दाखवतो, बास.

किती वेळ, केव्हा

दहा मिनिटं, फार तर पंधरा. उन्हाळ्यात सकाळी सहाला, ऊन वर यायच्या आत. ती काहीतरी सुंदर करते तेव्हाच थांबा. 'अजून एकदा' हा शब्द ओठावर आला की रिंगणाबाहेर या. आठवड्यातून चार दिवस पुरे. उरलेल्या दिवशी नुसता खरारा, नाहीतर तिच्याबरोबर बांधावर उभं राहणं.

आवाजाची भीती असेल तर फोनवर ढोल-ताशा लावा, पण ती खात असताना आणि इतका हळू, की तिचे कान वळतील पण जबडा चालू राहील. चघळणं थांबलं तर आवाज जास्त झाला. एवढं एकच मोजमाप पुरेसं आहे. आम्ही गोठ्याच्या पलीकडच्या खोलीत फोन ठेवून सुरुवात केली, तिच्या गव्हाणीपर्यंत यायला दोन महिने लागले. दिवाळीच्या फटाक्यांत हे काही चालत नाही. त्या चार रात्री मी तिला मैनेबरोबर आतल्या गोठ्यात ठेवते आणि स्वतः तिथं झोपते.

मोकळं काम कुंपणाच्या आत करायचं. घोडी कितीही बरोबर चालत असली तरी रस्त्यावर, कालव्याच्या कडेला तिला दोराशिवाय नेऊ नका. एक ट्रक, एक हॉर्न, आणि तुमच्या दोघांमधलं सगळं त्या क्षणी तिला ऐकू येत नाही.

आणि मग मोहरकी

म्हणून दोर शेवटी शिकवायलाच लागतो. आजारपणात, नालबंद आला की, आग लागली, पूर आला तर घोडीला धरता आलं पाहिजे. मोहरकी मी आधी गव्हाणीजवळच्या खुंटीला दोन आठवडे नुसती टांगून ठेवली. मग हातात धरून तिच्याजवळ उभी राहायला लागले, खाजवायचं आणि निघून यायचं. मग तिचा फास मोठा करून तिच्यापुढे धरला, अगदी मूठ धरायचे तसा, वीतभर अंतरावर. तिच्या तोंडावर चढवायला हात पुढे नेला नाही. तिनं नुसतं हुंगलं, 'टक्'. ओठ आत गेला, 'टक्'. कधी कधी ती बघून निघून जायची आणि त्या दिवसाचं काम तिथंच संपायचं. चाळीसेक दिवसांनी तिनं स्वतः नाक फासातून घातलं आणि थांबली. मी कानामागची गाठ न बांधता मोहरकी पुन्हा काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं नाक आणखी आत घातलं.

गेल्या महिन्यात डॉक्टर दात बघायला आले. नाना सवयीनं दोघा गड्यांना हाक मारायला निघाले होते, मी थांबवलं. मोहरकी धरली, चांदणीनं मान खाली करून नाक घातलं. डॉक्टरांनी आधी मूठ पुढे केली, मी सांगितलं होतं तशी, आणि तिनं ती हुंगेपर्यंत थांबले. मग ओठ वर करून तोंडाचे कोपरे बघितले, अंगठा गालात घालून दातांच्या कडा चाचपल्या. वण अजून पांढरेच आहेत. माझ्या हातातला दोर पूर्णवेळ सैल होता, त्याचा झोल मातीला टेकत होता. तपासून झाल्यावर मी मोहरकी काढली. तिनं सगळं अंग एकदा झटकलं, माझ्याजवळ जरा वेळ उभी राहिली आणि मग मैना चरत होती तिकडे चालत गेली.